सर्पदंशावरच्या संशोधनाला सरकारी पैसा हवाच, तुमचं काय मत?

शिराळ्याची लेक : माझं गाव शिराळा तालुक्यात, वारणेच्या काठाला. आई आशा सेविका, घरचा थोडा ऊस. सांगलीत बी.एस्सी. करते आणि कॉलेजकडून वादविवाद स्पर्धांना जाते. परवा विषय होता, ‘वैद्यकीय संशोधनाचा खर्च सरकारने उचलावा’. मी बाजूने बोलले, आणि स्पर्धा संपली तरी माझं मत तेच आहे.

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली. आपली सर्पदंशावरची लस (म्हणजे दंशानंतर टोचायचं प्रतिविष) नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरची; तिच्यासाठी लागणारं विष बहुतांशी तमिळनाडूतून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे आता सिद्ध झालंय. मग आपल्याकडच्या घोणशीचं विष तपासणार कोण? उसाच्या फडातला मजूर हेच गिऱ्हाईक असेल तर कंपनी पैसा कशाला घालेल?

मिरजकर काका : पोरी, तळमळ पोचली. पण आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर हवा, फ्रीजमध्ये लस हवी. आहे तीच वेळेत टोचली तर कितीतरी जीव वाचतील. आणि दवाखान्यांसाठी मिरजेचं नाव झालं ते सरकारी पैशावर नाही. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशनच्या पैशावर इस्पितळ उभारलं.

वारणाकाठ : डॉ. हिंमतराव बावस्करांकडे बघा. महाडच्या बाजूला विंचूदंशावर प्राझोसिन वापरून माणसं वाचवली. रक्तदाबाची साधी गोळी! कुठली प्रयोगशाळा, कुठलं अनुदान? सरकारी पैशातून अहवाल निघतात, औषध निघत नाही.

शिराळ्याची लेक : दादा, बावस्कर सर तेव्हा सरकारी सेवेतच होते. पगार सरकारचा, खाटा सरकारच्या. शिवाय ती गोळी आधीच बाजारात होती. सर्पदंशाच्या लसीला साप पाळून विष काढावं लागतं, ते घोड्यांना टोचावं लागतं, मग शुद्धीकरण, मग चाचण्या. एकट्या डॉक्टरला हे झेपणारं नाही.

औषध निघत नाही म्हणता, तर रोटावॅक बघा. बाळांच्या जुलाबावरची ही लस ज्या विषाणूपासून बनली तो दिल्लीच्या एम्समध्ये सापडला, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने वर्षानुवर्षं पैसा दिला, उत्पादन भारत बायोटेकने केलं. २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात फुकट मिळते.

काका, रात्रीचा डॉक्टर हवाच. आईबरोबर फिरताना मीही ते बघते. पण संशोधनाचा पैसा कापला म्हणून तो डॉक्टर येईल का? सगळ्या विषयांचा मिळून आपला संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या एक टक्क्याच्याही खाली आहे.

वारणाकाठ : रोटावॅकचं मान्य. पण एका लसीवरून सगळ्या खात्याला चांगलं म्हणता येणार नाही.

मिरजकर काका : मग अट घालून पैसा द्या. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं केंद्राच्या २०२४ च्या आराखड्यात आहे. कुणाला किती दिले, काय निघालं, हे दरवर्षी जिल्हा परिषदेच्या सभेत वाचून दाखवा. तेवढं होणार असेल तर मी तुझ्या बाजूने.

शिराळ्याची लेक : ही अट मला मान्य आहे, काका. त्यात एक भर घाला : सरकारी पैशातून निघालेल्या लसीची किंमतही त्याच सभेत सांगायची.