नोटीस टाईप करताना वरची बटणं गेली कुठे?

बी-२०४: नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस वर्डमध्ये टाईप करायला बसले आहे. आधीच्या सचिवांची बदली झाल्यापासून हे काम माझ्याकडे आलंय. अर्धी नोटीस झाली आणि वरची सगळी बटणं नाहीशी झाली. होम, इन्सर्ट अशी नुसती नावं उरलीत. सभेच्या पूर्ण १४ दिवस आधी नोटीस लागायला हवी, म्हणजे आजच काढायला हवी. कुणाला कळतं का यातलं?

ए-१०१: काकू, लॅपटॉप बंद करून चालू करा.

सी-३०३: काकू, बंद करू नका! आधी कंट्रोल धरून एस दाबा. झालं सेव्ह?

बी-२०४: हो, झालं.

सी-३०३: आता होम या शब्दावर पटकन दोनदा क्लिक करा.

बी-२०४: आली गं! सगळी परत आली.

सी-३०३: मघाशी तिथे चुकून दोन क्लिक पडले असणार. एकदा तसं केलं की पट्टी मिटते, परत केलं की उघडते. कंट्रोल आणि एफ-१ दाबूनही तेच होतं. या पट्टीला रिबन म्हणतात.

डी-४०२: आमच्या नोकरीच्या काळात रिबन नव्हतीच. फाइल, एडिट, व्ह्यू, फॉरमॅट असे मेनू उघडायचे आणि खाली यादी लोंबायची. २००७ च्या वर्डपासून ही रिबन आली. तेव्हा हाताला लागलेली सवय मोडायला फार त्रास झाला.

सी-३०३: खरंय काका. पण नव्याने शिकणाऱ्याला रिबन सोपी जाते, असा माझा अनुभव आहे. मी वीस वर्षं डीटीपी केलं. शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी टाईपच करू देत नसे. आधी स्क्रीन नीट बघून घ्यायची. काकू, पाच मिनिटं आहेत का?

बी-२०४: आहेत. सांग.

सी-३०३: अगदी वरच्या ओळीत फाइलचं नाव असतं. तिथे डॉक्युमेंट१ असं दिसलं तर फाइलला अजून नाव दिलेलं नाही, आधी सेव्ह करायची. त्याखाली टॅब, म्हणजे होम, इन्सर्ट ही नावं. सगळे पाठ करू नका, नोटिशीपुरते तीन बघा. अक्षर मोठं, ठळक किंवा मधोमध करायचं तर होम. तक्ता, फोटो, पानाचा क्रमांक असं काही आणून ठेवायचं तर इन्सर्ट. कागदाचं माप आणि समास लेआउटमध्ये. काय हवंय ते आधी मनात ठरवलं की कुठे जायचं ते आपसूक कळतं.

सी-३०३: आणि लेआउटमध्ये साइझ आत्ताच बघून घ्या. बऱ्याचदा तिथे लेटर असतं. तो कागद २७९ मिलिमीटर उंच, आपला ए-४ २९७. बघितलं नाही तर स्क्रीनवर एक दिसतं आणि प्रिंट वेगळीच येते.

बी-२०४: लेटरच होतं! ए-४ केलं. आता एक सांग, जमाखर्चाचा तक्ता टाकला तेव्हा टेबल डिझाइन असं वर आलं होतं. आता ते दिसत नाही.

सी-३०३: तक्त्याच्या आत क्लिक करा, येईल. ते टॅब कर्सर तक्त्यात असला तरच दिसतात. फोटोचंही तसंच.

ई-५०१: ताई, माझ्याकडे वर्डऐवजी लिब्रेऑफिस रायटर आहे. त्यात रिबन दिसत नाही.

सी-३०३: दादा, त्यात वर मेनू आणि खाली बटणांच्या दोन ओळी असतात. काकांना तेच आवडेल. व्ह्यू मेनूत युजर इंटरफेस आहे, तिथे टॅब्ड निवडलंत की रिबनसारखं दिसेल. पैसे लागत नाहीत आणि मेनू मराठीतही करता येतात, म्हणून ज्यांना नव्याने शिकायचंय त्यांना मी तेच सुचवते.

डी-४०२: माझ्या फाइलमध्ये पानाच्या वरची कोरी जागाच गेलीय. दोन पानं एकमेकांना चिकटलीत.

सी-३०३: दोन पानांमधल्या रेघेवर दोनदा क्लिक करा काका. प्रिंटमध्ये समास होताच, फक्त स्क्रीनवर लपला होता.

बी-२०४: आता शेवटचं. खाली उजवीकडे 'सचिव' लिहायचंय. स्पेस देत देत नेलं, पण मुलाच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की तो शब्द मधेच येतो.

सी-३०३: काकू, होममध्ये उलट्या पीसारखं एक चिन्ह आहे. ते दाबा आणि 'सचिव'च्या आधी काय दिसतं सांगा.

बी-२०४: अगं, ठिपकेच ठिपके! मोजले, ६२ आहेत.

सी-३०३: एकेक ठिपका म्हणजे एकेक स्पेस. मुलाकडे तो फॉन्ट नसेल तर दुसरा लागतो. त्यात स्पेसची रुंदी वेगळी, म्हणून शब्द सरकतो. ते सगळे ठिपके पुसा. मग व्ह्यूमध्ये रूलरवर खूण करा, कागदाच्या वर पट्टी येईल. तिच्या डाव्या टोकाला एक छोटा चौकोन आहे, त्यात एल दिसेल. दोनदा क्लिक केलंत की उलटा एल येईल. आता रूलरवर जिथे 'सचिव' संपायला हवं तिथे क्लिक करा. मग 'सचिव'च्या आधी कर्सर ठेवून कीबोर्डवरचं टॅबचं बटण एकदाच दाबा.

बी-२०४: गेलं! एका झटक्यात उजवीकडे गेलं.

सी-३०३: आता फॉन्ट कुठलाही असो, शब्द त्याच खुणेशी संपेल. सही, तारीख, पानाच्या कडेला येणारे आकडे, सगळं असंच करायचं. रूलर कायम उघडा ठेवा. इतक्या उपयोगाची गोष्ट वर्ड लपवून का ठेवतं, हे मला आजवर पटलेलं नाही.

डी-४०२: आता पाठवण्याआधी पीडीएफ करा, म्हणजे कुणाच्या फोनवर काही हलणार नाही.

सी-३०३: हो. फाइल, सेव्ह ॲज, खालच्या यादीत पीडीएफ. त्याआधी स्क्रीनच्या तळाची पट्टी बघा काकू. डावीकडे किती पानं झाली ते दिसतं.

बी-२०४: दोन दाखवतंय. पण नोटीस तर एकाच पानाची आहे.

सी-३०३: उलटा पी अजून चालू आहे ना? दुसऱ्या पानावर तीच खूण एकटी दिसेल. तो जास्तीचा एंटर आहे, पुसून टाका.

बी-२०४: पुसला. एक पान झालं. पीडीएफ इथे टाकते आहे, सर्वांनी तारीख आणि वेळ वाचून घ्या. ए-१०१ दादा, तुमच्याकडून एक प्रिंट मिळेल का? गेटजवळच्या फळ्यावर आजच लावते.

ए-१०१: काढून ठेवतो काकू, सातला घेऊन जा.