मदत हवी आहे : सेशनमध्ये सुचलेल्या रिफवर हक्क कोणाचा?

नमस्कार मंडळी. मी सेशन गिटारिस्ट आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात मानधनावर वाजवतो. नायलॉन, ट्वेल्व्ह-स्ट्रिंग, इलेक्ट्रिक, जे सांगतील ते वाजवतो. आता स्वतःच्या चालीही करू लागलोय आणि तिथेच गाडी अडली आहे.

बऱ्याचदा हातात फक्त कॉर्ड चार्ट (कुठे कोणता कॉर्ड वाजवायचा त्याचा कागद) येतो. क्लिक, म्हणजे कानातली लयीची टिकटिक, सुरू होते, 'काहीतरी छान वाजव' एवढीच सूचना. मग आपण चार-आठ मात्रांचा एखादा लक्षात राहणारा तुकडा, म्हणजे रिफ, काढतो आणि गाणं तयार झाल्यावर लोक नेमका तोच गुणगुणतात! मानधन मात्र तासांचं, आणि संगीतकार म्हणून नाव दुसऱ्याचं. चाल रचण्याचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणात वाजवण्याचा वेगळा, एवढं कळतं. पण नुसता साथीचा भरणा कुठे संपतो आणि रचना कुठे सुरू होते? तुम्ही हे आधी लेखी ठरवता का? कोणत्या शब्दांत? विचारलं की पुढचं काम जातं, ही भीती मला तरी आहे.

दुसरं, नोटेशन वाचन. गिटार लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजते हे ठाऊक आहे, पण एकच स्वर गिटारच्या मानेवर चार ठिकाणी सापडतो, त्यात पहिल्या नजरेत गोंधळतो. रोजचा सराव काय करावा?

गिटारिस्ट जिमी पेज १९६८मध्ये लेड झेपलिन हा रॉक बँड उभारण्याआधी लंडनमध्ये सेशनच वाजवायचा, म्हणून आशा सोडलेली नाही. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगा.