सहा वर्षांच्या मुलीसाठी रुग्णालयातल्या संध्याकाळच्या एका तासाबद्दल सल्ला हवा आहे

सांजवेळ

नमस्कार. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग, म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, असल्याचे निदान होऊन तीन आठवडे झाले. केमोचा पहिला टप्पा चालू आहे, सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या आहेत आणि सगळे उपचार मिळून दोन ते तीन वर्षे जातील असे डॉक्टरांनी सांगितले आहे. औषधांना प्रतिसाद चांगला आहे, त्यामुळे माझा प्रश्न औषधांबद्दल नाही. दिवसभर बडबडणारी ही मुलगी गेले दहा दिवस जवळजवळ गप्प आहे. सुई घेऊन कोणी आले की आक्रोश करते आणि नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहते.

संध्याकाळी सहा ते सात या वेळेत सहसा सलाइन नसते आणि कोणी तपासायलाही येत नाही. तो एक तास मला तिच्यासाठी नीट वापरायचा आहे. औषधांखेरीज खर्चाला हाती जवळजवळ काहीच उरत नाही, म्हणून विकत घ्यायचीच तर एकच लहान वस्तू, जी पुसता किंवा धुता येईल आणि उशीजवळ मावेल. नऊ वर्षांचा मोठा मुलगा आजी-आजोबांजवळ घरी आहे. कृपया स्वतःच्या अनुभवातून एकच उपाय सुचवावा.

निळीशाई

ताई, टॅबलेट घ्या, आणि घेताना मोठ्या पडद्याचा घ्या, कारण लहान पडद्यावर मुलाचे मन पाच मिनिटांत उडते. आमच्या चिरंजीवांसाठी आम्ही टॅबलेटबरोबर डोळ्यांवर लावायचा व्हीआर चष्माही घेतला होता आणि त्या वॉर्डात तो आणणारे आम्ही पहिलेच होतो. पाठीत इंजेक्शन देताना तो समुद्राखालचे मासे पाहत असे. खेळांचा उपयोग सिद्ध झालेला आहे: कर्करोगाच्या पेशींवर नेम धरून मारण्याचा ‘री-मिशन’ नावाचा खेळ ३७५ रुग्णांवर तपासला गेला, २००८ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि खेळणाऱ्यांनी आपली औषधे अधिक नियमितपणे घेतल्याचे त्यात दिसले. खर्चाचे म्हणाल तर मुलापुढे पैशाचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उंबरठा

मण्यांची माळ करा. ‘बीड्स ऑफ करेज’ या उपक्रमात प्रत्येक सुईला, प्रत्येक केमोला आणि रुग्णालयातल्या प्रत्येक रात्रीला ठरावीक रंगाचा मणी मिळतो. आमच्याकडे तो उपक्रम नव्हता, म्हणून मी घरच्या मण्यांतून तशीच माळ सुरू केली आणि उपचार संपले तेव्हा ती माझ्या मुलीच्या उंचीपेक्षा लांब झाली होती. पाहुणे आले की ती माळ दाखवून सांगत असे, हा मणी केस गेले त्या दिवसाचा, हा तापाच्या रात्रीचा. ती बोलू लागली ती या माळेमुळेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त दोरा जाड घ्यावा. आमचा एकदा तुटला, मणी खाटेखाली विखुरले आणि धाकट्याने त्यातला एक तोंडात घातला होता.

पाऊलवाट

निळीशाई, तो अभ्यास तेरा ते एकोणतीस वर्षे वयाच्या रुग्णांवर झाला होता आणि इथे प्रश्न सहा वर्षांच्या मुलीचा आहे. शिवाय सांजवेळ यांनी पैसे नाहीत असे स्वच्छ लिहिले आहे.

माझे सांगणे असे की आधी सुईची भीती कमी करा, बाकीचे पुढे. कातडी बधिर करणारे मलम मिळते, ते वॉर्डातूनच मिळते का हे विचारा. आम्ही ते सुईच्या दहा मिनिटे आधी लावत होतो आणि दोन महिने म्हणत होतो की मलम निरुपयोगी आहे. पुढे एका सिस्टरने सांगितले की ते किमान एक तास आधी लावून वरून पट्टीने झाकून ठेवावे लागते. ते दोन महिने माझ्या मुलाने विनाकारण सोसले, याची बोच मला आजही आहे. दुसरे, मुलाला आडवे दाबून धरू नये. त्याला मांडीवर बसवून छातीशी घ्यावे, आणि कोणता हात, आकडे मोजायचे की साबणाचे फुगे फुंकायचे, हे त्याला ठरवू द्यावे. सुई टोचायची की नाही, हे मात्र विचारू नये, कारण तिथे ‘नको’ या उत्तराला जागा नसते. आणि ‘मुळीच दुखणार नाही’ असे कधीही म्हणू नये. आमच्याकडे एका नातेवाइकाने प्रेमापोटी तसे सांगितले आणि त्यानंतर कित्येक दिवस मुलाचा कोणाच्याच शब्दावर विश्वास बसेना.

सोबती

कुत्र्याचे पिल्लू आणा. आमच्या पुतणीला घरी सोडले तेव्हा पिल्लू दारात उभे होते आणि ती महिन्याने पहिल्यांदा हसली. मुक्या जिवाला केस गेलेले दिसत नाहीत.

उंबरठा

सोबती, पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना घरात नवे पिल्लू आणणे धोक्याचे आहे. नखाचा एक ओरखडाही त्या दिवसांत पुरतो.

सोबती

काही रुग्णालये तपासणी केलेली प्रशिक्षित कुत्री मुलांच्या भेटीला आणतात, मग घरच्याच पिल्लाला विरोध का, हे मला समजत नाही. कासव आणू नये, हे मला ठाऊक आहे. त्याच्यापासून साल्मोनेलाचा संसर्ग होतो.

वॉर्ड_सात

मी लहान मुलांच्या कर्करोग वॉर्डात बावीस वर्षे परिचारिका होते. प्राण्यांबाबतचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तो विषय इथेच थांबवलेला बरा.

सांजवेळ, मुलगी गप्प झाली आहे असे तुम्ही लिहिले, त्यावर कोणी थांबून विचार केलेला दिसत नाही. तिला व्हिन्क्रिस्टिन चालू आहे का? त्या औषधाने जबडा दुखू शकतो, इतर काही औषधांनी तोंडात फोड येतात, आणि सहा वर्षांचे मूल ‘जबडा दुखतो’ असे म्हणत नाही, ते बोलणे आणि चावणे बंद करते. स्टिरॉइडने चिडचिड होते, झोप मोडते, एका क्षणी हसू आणि दुसऱ्या क्षणी रडू येते. हा स्वभाव बिघडल्याचा भाग नाही, हे घरातल्यांनाही सांगा. उद्या सकाळच्या फेरीच्या वेळी ‘दहा दिवसांपासून बोलत नाही’ हे वाक्य जसेच्या तसे डॉक्टरांपुढे ठेवा. मन दुखते आहे असे ठरवण्याआधी अंग दुखत नाही ना, हे पाहावे.

विकत घ्यायचे काहीच नाही. घरातली जुनी बाहुली धुऊन आणा आणि सिस्टरकडून सुई नसलेली कोरी सिरिंज व पट्टीचा एक तुकडा मागून घ्या. बाहुलीला सलाइन लावू द्या आणि तुम्ही कमी बोला. क्लीव्हलँडच्या रुग्णालयात एमा प्लँक यांनी १९५५ मध्ये मुलांच्या खेळासाठी आणि शिक्षणासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला, कारण आजारी मुलाला खेळ ही चैन नसून गरज आहे हे त्यांनी ओळखले होते. आमच्या वॉर्डात असा विभाग येईपर्यंत माझी निम्मी नोकरी संपली होती, ही खंत आहे.

कासवगती

मी सर्वांचे वाचले. मण्यांची कल्पना चांगली आहे, बाहुलीची चांगली आहे, मलम एक तास आधी लावावे हेही खरे आहे. परंतु व्यावसायिक मदतीला पर्याय नाही. आम्ही दर आठवड्याला खासगी बालमानसतज्ज्ञांकडे जात होतो, दीड वर्ष, एकही खेप न चुकवता, आणि माझा मुलगा आज वर्गात पहिला येतो. आईनेही स्वतःसाठी मदत घ्यावी. आजारी मुलांच्या मातांना अडचणी क्रमाने सोडवायला शिकवणारा आठ बैठकींचा ‘ब्राइट आयडियाज’ हा कार्यक्रम अभ्यासांत उपयुक्त ठरला आहे.

वॉर्ड_सात

मदत घ्यावी, हे मान्य, पण सुरुवात खासगी दवाखान्यातूनच झाली पाहिजे असे नाही. कर्करोग झालेल्या मुलांच्या आणि कुटुंबांच्या मानसिक व सामाजिक काळजीसाठी २०१५ मध्ये पंधरा मानके प्रसिद्ध झाली. पैशांच्या ताणाची चौकशी, आईवडिलांचे मन, भावंडे आणि शाळेत परतणे हे सारे त्यांत उपचाराचाच भाग मानले आहे. वॉर्डात समाजसेवक किंवा समुपदेशक आहेत का, हे विचारण्यात संकोच करू नका. ती भीक मागणे नव्हे.

तेव्हाची_मी

मी इथे फारसे लिहीत नाही. मला सातव्या वर्षी हाच आजार झाला होता. आज मी चौतीस वर्षांची आहे. मला खेळणी पुष्कळ मिळाली. मला जे कोणी विचारले नाही ते असे, की तुला हे का झाले असे तुला वाटते. माझे उत्तर तयार होते. मी आजीशी खोटे बोलले होते आणि त्याची शिक्षा म्हणून मला सुया टोचत होत्या, असे मी दोन वर्षे धरून चालले होते. आई दाराबाहेर हलक्या आवाजात बोलत असे, तेव्हा माझे खोटे तिला कळले आहे अशी माझी खात्री होत असे. मायरा ब्लूबॉण्ड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात ल्युकेमियाच्या मुलांबरोबर वॉर्डात राहून पाहिले की, मोठ्यांनी न सांगितलेले पुष्कळ काही मुलांना ठाऊक असते आणि मोठ्यांना सांभाळण्यासाठी ती ठाऊक नसल्यासारखे वागतात. मी तशीच वागत होते. एकदा विचारून पाहा, एवढेच सुचवते.

निळीशाई

प्रत्येक मुलाच्या मनात अपराधी भावना असतेच असे नाही, उगाच नसलेली शंका डोक्यात घालू नये. टॅबलेटवर मूल रमते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. हप्त्यांवरही मिळतो.

पाऊलवाट

शंका घालणे आणि विचारणे यांत फरक आहे.

सांजवेळ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला पाच दिवस लागले.

वॉर्ड_सात यांनी सांगितलेले वाक्य मी डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले. जबडा खरोखरच दुखत होता. वेदनेचे औषध सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी तिने पाणी स्वतः मागितले. एवढे दिवस मी तिला ‘बोल ना गं’ म्हणून विनवत होते. मलम आता तासभर आधी लावतो. सुईच्या वेळी ती अजूनही रडते, पण हात स्वतः पुढे करते.

घरची कापडी बाहुली धुऊन आणली. तिसऱ्या संध्याकाळी तिला पट्टी बांधून झाल्यावर मी विचारले, हिला का बरं नाही? ती म्हणाली, ‘हिने दादाचे रंग सांडले, म्हणून. दादा अजून रागावलाय, म्हणून तो येत नाही.’ रंग सांडले होते, ही गोष्ट खरी आहे. ताप येण्याच्या आदल्या दिवशी दोघांचे त्यावरून भांडण झाले होते. ते मी विसरूनही गेले होते. हा आजार कोणाच्या चुकीमुळे होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि दादा रागावलेला नाही, असे मी तिला सांगितले. तिने ऐकून घेतले, पण दादाने स्वतः सांगावे, असे तिचे म्हणणे आहे.

म्हणून मी काहीही विकत घेणार नाही. माळ नाही, टॅबलेट नाही. आठवड्यातून तीन दिवस हा एक तास मी तिच्याजवळ बसण्याऐवजी घरी मुलाजवळ बसणार आहे आणि त्या वेळी आजी वॉर्डात थांबेल. मागच्या रविवारी मी घरी गेले तेव्हा तो दार उघडून आत निघून गेला. त्याला मी तीन आठवड्यांत ‘बहीण आजारी आहे’ याखेरीज काहीच सांगितलेले नाही. त्या तासात दोघे फोनवर एकमेकांना पाहत चित्र काढतील, आणि परवानगी मिळाली तर तो एकदा भेटायलाही येईल.

निळीशाई

ताई, क्षमा करा, पण आजारी लेकराजवळून उठून जाणे मला पटत नाही. मी एकही दिवस उठलो नाही आणि त्याचे मला समाधान आहे.

उंबरठा

मी उठले नाही, आणि माझ्या धाकट्याने ती दोन वर्षे शेजारच्या घरी जेवून काढली. तो आता सोळा वर्षांचा आहे. त्या काळाबद्दल तो माझ्याशी आजही बोलत नाही. सांजवेळ, तुम्ही जा.

वॉर्ड_सात

मुलाला प्रत्यक्ष आणण्याआधी त्याच्या वर्गशिक्षकांना एक गोष्ट विचारा, वर्गात कोणाला कांजिण्या आहेत का. अंगावर पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्या दुसऱ्याला लागू शकतात आणि केमो चालू असलेल्या मुलांना त्या गंभीर होऊ शकतात. त्याचा संपर्क आला असेल, तर लक्षणे दिसायला एकवीस दिवसांपर्यंत लागू शकतात. तेवढे दिवस भेट नको. मुलीचाच संपर्क आल्याचे कळले, तर त्याच दिवशी वॉर्डला कळवा. सर्दी-ताप असला तरी भेट पुढे ढकला आणि येताना हात धुवायला लावा.

सांजवेळ

शाळेत विचारले. त्याच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाला गेल्या गुरुवारी कांजिण्या आल्या आहेत. तेव्हा सध्या फोनच. आज संध्याकाळी त्याने रंगांचा डबा कॅमेऱ्यासमोर उघडून धरला आणि सांडूनही त्यात किती रंग उरले आहेत, ते तिला एकेक करून दाखवले.