अनुभव धागा: गावाचा आराखडा आणि 'चालू आहे' नावाचा रकाना

गेली अडीच वर्षं मी मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या छोट्या टाऊनच्या एका समितीवर आहे. काम एकच. टाऊनचा मास्टर प्लॅन (म्हणजे विकास आराखडा) मंजूर झालाय, त्यातलं प्रत्यक्षात काय होतंय ते बघत राहायचं. मानधन शून्य, चहासुद्धा घरून न्यायचा. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे नगरसेवक झालीस?" नाही गं, नगरसेवकाला निदान लोक ओळखतात.

इथल्या राज्याच्या कायद्यात (प्रकरण ४१, कलम ८१डी) अशा प्लॅनचे नऊ भाग सांगितलेत: उद्दिष्टं, जमीनवापर, घरं, उद्योगधंदे, नैसर्गिक आणि सांस्कृतिक ठेवा, मोकळ्या जागा, सार्वजनिक सोयी, रस्ते-वाहतूक, आणि नववा अंमलबजावणीचा. पहिल्या आठ भागांत सुंदर फोटो असतात. नवव्यात नुसता तक्ता. तोच आमच्या गळ्यात. आणि प्लॅन म्हणजे हुकूम नव्हे. टाऊन मीटिंगमध्ये मतदारांनी हात वर केले तरच पैसे मिळतात.

आमच्या तक्त्यात १३८ ओळी आहेत. काम कोणतं, कोणी करायचं, कधीपर्यंत, आणि स्थिती. स्थितीचे पर्याय चार: झालं, चालू आहे, सुरू नाही, सोडून दिलं. पहिल्या वर्षी सगळ्या खात्यांकडून तक्ता भरून आला तेव्हा ९१ ओळींपुढे 'चालू आहे' होतं. मी हुरळले. मग शाळेजवळच्या फुटपाथची ओळ घेतली आणि संबंधित खात्याला विचारलं, काय चालू आहे? उत्तर आलं, "आमच्या मनात आहे."

आम्ही सातजण. चौघांचा कोरम होतो, म्हणून चौघांनी आपापसात ईमेलवर चर्चा केली तरी ती बेकायदा बैठक ठरते. बैठकीची सूचना ४८ तास आधी लावायची, त्यात शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरायच्या नाहीत. त्यामुळे 'मनात आहे' या उत्तराचं करायचं काय, हे ठरवायला पुढची बैठक उजाडावी लागली.

तुमच्या गावात, शहरात आराखड्याचा पाठपुरावा कोणी करतं का? तुम्ही केलाय का? तिकडचे, इकडचे, सगळे लिहा.

निवृत्त आरेखक, पश्चिम महाराष्ट्र

नगररचनेच्या कार्यालयात एकतीस वर्षं काढली. विद्यमान जमीनवापराचे नकाशे हाताने रंगवायचो, पिवळा रहिवास, निळा वाणिज्य, जांभळा उद्योग. हिरव्याची बाटली कायम भरलेली.

१९६६ च्या आपल्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात आराखडा कोणी करायचा, कलम २६ खाली कसा प्रसिद्ध करायचा, हरकतींची सुनावणी नियोजन समितीने कशी घ्यायची, मंजुरी कोणाची, हे सगळं तपशीलवार आहे. कलम ३८ प्रमाणे वीस वर्षांनी सुधारित आराखड्याची वेळ येते. पण मधल्या वीस वर्षांत दरवर्षी टेबलाशी बसून 'यंदा किती आरक्षणं (बाग, शाळा, मैदान यांसाठी राखलेल्या जागा) ताब्यात आली' असं मोजणारी समिती मी तरी आमच्या ऑफिसात पाहिली नाही. मोजदाद व्हायची ती पुढचा आराखडा करताना. अहवालात जुन्या आराखड्याच्या अंमलबजावणीचं एक प्रकरण असतं, ते मी अनेकदा टाइपिंगला दिलंय. वीस वर्षांचा निकाल दीड पानात.

ताई, तुमच्याकडे 'चालू आहे', आमच्याकडे 'कार्यवाही प्रगतीपथावर आहे'. शिक्काच होता तसा.

माजी नगरसेविका, एक 'क' वर्ग नगरपरिषद

माझ्या पाच वर्षांत चार मुख्याधिकारी झाले. नवे साहेब आले की पहिला प्रश्न, "फाईल कुठाय?" पहिल्या वेळी मी सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा किराणा दुकानातून लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणली. आराखड्यातल्या एकेका साइट नंबरला एक पान. मोजणी कधी झाली, प्रस्ताव कधी गेला, त्रुटी काय निघाली, सगळं तारीखवार. चौथे साहेब आले तेव्हा वही पुढे केली. त्यांनी चाळली आणि म्हणाले, "मॅडम, ही वही ऑफिसला जमा करा." दिली नाही. झेरॉक्स दिली.

भाजी मंडईचं आरक्षण झालं, बाकी विचारू नका. आणि मंडई झाली त्याचं कारण वही नाही, त्या जागेचा मालक समंजस निघाला.

कोथरूड, पुणे

आमचा आठ-दहा जणांचा गट आहे. रविवारी सकाळी भाग नकाशाची प्रिंट घेऊन एकेका आरक्षणावर चालत जातो. नकाशात 'उद्यान' आहे तिथे उद्यान आहे का, एवढंच बघायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. तासभर तर आपण नेमके कुठल्या चौकोनात उभे आहोत यावरच भांडण चालतं.

पुण्याची तऱ्हा वेगळीच. जुन्या हद्दीचा आराखडा २००७ ते २०२७ असा. मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने तो महापालिकेकडून काढून घेऊन आपल्या समितीकडे दिला आणि मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांच्या बाळाचं बारसं दहाव्या वर्षी. पाठपुरावा कसला करता? आणि १९८७ च्या आराखड्यातला उच्च क्षमता द्रुतगती मार्ग नकाशावर आखलेला आहे, शहराभोवती कडं करून. माझ्या वडिलांनी तो नकाशात पाहून फ्लॅट घेतला. माझा मुलगा आता इंजिनीअर झाला. कडं अजून नकाशातच आहे.

माहिती अधिकारात आरक्षणांची यादी मागितली तर पहिल्यांदा 'कार्यालयात येऊन पाहावी' असं उत्तर. गेलो. तिघांनी दोन दिवस बसून हाताने उतरवून काढली. कंटाळवाणं काम आहे, पण आता यादी आमच्याकडे आहे.

शेतकरी कुटुंब, जमीन शहराच्या हद्दीत आलेली

वरच्या कोथरूडकरांना नमस्कार, पण थोडं स्पष्ट बोलतो. तुम्ही रविवारी ज्या 'उद्यानावर' चालत जाता, तिथे आमच्यासारख्याचा सातबारा असतो.

आमच्या तीन एकरांपैकी सव्वा एकरावर क्रीडांगणाचं आरक्षण पडलं तेव्हा मी दहावीत होतो. विकता येईना, बांधता येईना, बँक तारण घेईना. दोन्ही आत्यांच्या लग्नांना आजोबांनी दुसरीकडची बागायत विकली, ही जागा तशीच. पालिकेत गेलं की ठरलेलं उत्तर, "प्रक्रिया चालू आहे."

कायद्यात आमच्यासारख्यांसाठी कलम १२७ आहे. आराखडा अंमलात येऊन दहा वर्षं झाली तरी जागा घेतली नाही, तर मालकाने खरेदी सूचना, म्हणजे 'जागा विकत घ्या' अशी नोटीस, द्यायची. मग ठरावीक मुदतीत घेतली नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. ही मुदत आधी सहा महिने होती, पुढे बारा झाली, २०१५ पासून चोवीस आहे. मुदत कोणाच्या बाजूने वाढत गेली ते तुम्हीच बघा.

आणि या धाग्याच्या विषयाचीच गोष्ट सांगतो. 'पावलं उचलली' म्हणजे काय, यावर थेट सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. गिरनार ट्रेडर्सचा २००७ चा निकाल. पालिका म्हणत होती, आम्ही ठराव केला, शासनाला प्रस्ताव पाठवला, म्हणजे पावलं उचललीच की. न्यायालयाने ते मानलं नाही. नुसतं ठराव करून पत्र पाठवणं पुरत नाही, भूसंपादनाच्या घोषणेसारखं प्रत्यक्ष संपादनाकडे नेणारं पाऊल लागतं. म्हणजे ताई, तुमच्या त्या रकान्यावर निकाल लागलेला आहे बरं का.

आम्हीही सूचना दिली. वकिलाने सांगितलं, मालकीची सगळी कागदपत्रं जोडा, एक राहिलं तरी तेवढ्यावर अडवतील. माझ्या काकांनी सूचनेची पोच लॅमिनेट करून घेतली. काका हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवायचे, दर महिन्याला एक फुली. बाविसाव्या फुलीला पालिकेचं मोजणीचं पत्र आलं. सध्या प्रकरण कोर्टात आहे, त्यामुळे याहून जास्त लिहीत नाही.

कोथरूड, पुणे

दादा, तुमचं पटतं. आम्ही यादीत 'मालकाला मोबदला मिळाला का' असा रकानाच ठेवला नव्हता. पण आरक्षण संपलं की तिथे टॉवर उभा राहतो आणि पोरांना खेळायला पार्किंग उरतं, हेही तितकंच खरं. भांडण तुमच्याशी नाही, पैशाची तरतूद न करता रंग भरणाऱ्यांशी आहे.

मुंबई उपनगर

लहानसा प्रतिसाद. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, चुकांवरून एवढा गदारोळ झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो बाजूला ठेवला. सुधारलेला मसुदा २०१६ मध्ये आणि मंजुरी २०१८ ला. त्या हरकतींच्या दिवसांत आमच्या सोसायटीत पहिल्यांदा लोकांनी नकाशा उलगडून पाहिला. एरवी आमची सगळी ताकद पार्किंग आणि गळतीवर खर्च होते.

फोंडा तालुका, गोवा

आमच्याकडे आधी २०११ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा होता. लोक रस्त्यावर उतरले आणि २००७ मध्ये तो रद्द झाला. मग २०२१ पर्यंतच्या आराखड्यासाठी कृती दल नेमलं, त्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. गावोगावी नकाशे पाठवून लोकांकडून सूचना मागवल्या. पंचायतीच्या सभागृहात जमिनीवर नकाशा पसरून आम्ही चार रविवार बसलो. म्हाताऱ्यांनी बोट ठेवून सांगितलं, ही तळी, हा पाणवठा, ही देवराई, इथे पावसात पाणी भरतं. आमच्या मास्तरांना जे माहीत नव्हतं ते एका म्हशी राखणाऱ्या आजीला माहीत होतं.

मला वाटलं, संपलं काम. खरं काम नंतर सुरू झालं. आराखडा तसाच राहतो आणि एकेका सर्वे नंबरचा झोन बदलतो. आमच्या नगरनियोजन कायद्यात असे बदल करू देणारं कलम १६बी २०१८ मध्ये आलं, २०२३ मध्ये १७(२). म्हणून राजपत्र निघालं की मी आमच्या गावाचं नाव शोधते. नाही सापडलं की मग स्वयंपाकाला लागते. तुमच्या तक्त्यात चार पर्याय आहेत, आम्हाला पाचवा हवा: 'गुपचूप बदललं'.

धागाकर्ती

सगळे दोनदा वाचले. गिरनारचं कालच समितीच्या अध्यक्षांना सांगितलं. (बैठकीत, सूचना लावून!) ते निवृत्त प्लंबर आहेत. म्हणाले, "तुमच्या न्यायालयाला आमच्या टाऊनमध्ये पाठवा."

आम्ही तक्त्यात एक रकाना वाढवला, 'शेवटची हालचाल: तारीख'. दोघांनी विरोध केला, खात्यातली माणसं दुखावतील म्हणून. पाच विरुद्ध दोनने मंजूर. ९१ पैकी ३४ ओळींनाच तारीख भरून आली. उरलेल्या सगळ्या 'सुरू नाही'मध्ये टाकल्या. वर्तमानपत्रात बातमी आली की समितीच्या काळात प्लॅन मागे गेला.

फुटपाथच्या ओळीला मात्र तारीख आहे. १४ मे. त्या दिवशी कोणीतरी जाऊन टेप लावून लांबी मोजली. २१० फूट.

कोकणातलं कोणी आहे का इथे? लिहा ना.