टेबल सॉ: हिरवं बटण सोडलं की मशीन बंद. स्विच गेला का?

सागवानी
नमस्कार मंडळी. १० इंची टेबल सॉ आहे. २३० व्होल्ट, १८०० वॅट, कार्बन ब्रशची मोटर. हिरवं बटण दाबून धरलं तर पातं फिरतं, बोट काढलं की बंद. सकाळी कधीकधी नीट चालतं, संध्याकाळी अजिबात नाही. स्विचमागे पाच पिना आहेत: १३, १४, २३, २४ आणि ए१. दुकानदार म्हणतो, बोर्डावरचा साधा १६ अँपिअरचा स्विच लावून टाका. लावू का? मल्टिमीटर आहे.

फेज_न्यूट्रल
साधा स्विच लावू नका. तुमचा आहे तो एनव्हीआर, म्हणजे नो-व्होल्ट रिलीज. बटणाने संपर्क जुळतात, पण जुळलेले धरून ठेवते आतली कॉइल. लाइट गेली की ती सोडते आणि लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू होत नाही. साध्या स्विचवर लाइट गेली, पात्याशी अडकलेली ढलपी काढायला हात घातला आणि तेवढ्यात लाइट आली, तर काय होईल ते सांगायला नको. हिरव्या बटणावर चिकटपट्टी लावणारेही त्याच रांगेतले.

दाबल्यावर चालतं, म्हणजे मोटर आणि ब्रश बहुधा ठीक आहेत. उरतात चार शक्यता: कॉइल तुटली, ए१ची जंपर वायर (दोन पिना जोडणारा छोटा तुकडा) सैल झाली, कॉइलच्या लोखंडी पट्टीखाली भुसा बसला किंवा कॉइलला व्होल्टेज पुरत नाही.

आधी प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. नुसतं बोर्डावरचं बटण बंद करून भागत नाही. वायरींचा फोटो घ्या, मग सगळ्या वायरी सोडवा. बहुतेक पाच पिनांच्या स्विचांत कॉइलचं एक टोक आतून १४ला असतं, दुसरं ए१ला, आणि बाहेरून ए१ ते २४ जंपर. पण स्विचच्या अंगावर छापलेली आकृतीच खरी मानायची.

आता १४ ते ए१ मोजा. हजारांत ओहम आले तर कॉइल शाबूत, ओएल (म्हणजे मार्ग तुटलेला) दिसलं तर गेली. मोटरच्या वायरी तशाच ठेवून मोजलंत तर मोटरचेच दोन-चार ओहम दिसतील आणि तुटलेली कॉइलही चांगली वाटेल. इथे भलेभले फसतात. मग हिरवं बटण दाबून १३–१४ आणि २३–२४ मोजा. दोन्हीकडे अर्ध्या ओहमच्या आत हवं, त्यातले ०.२ मीटरच्या वायरींचेच असतात.

रंधा_पटाशी
संध्याकाळीच त्रास होतो, तर सॉकेटला व्होल्टेज किती येतं आणि एक्स्टेंशन कोणती आहे तेही सांगा. १ चौरस मिमीच्या २० मीटर तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन सुमारे ०.७ ओहम होतात. चालू मोटरला ८ अँपिअर लागतात, तेव्हा ५–६ व्होल्टच पडतात. पण सुरू होताना प्रवाह ४० अँपिअरवर गेला तर २८ व्होल्ट तिथेच गेले. २.५ची वायर वापरली तर तेच ११वर येतं.

सागवानी
१४–ए१: काही हजार, आकडा स्थिर. १३–१४: ०.३. २३–२४: कधी ४, कधी १५, नाचतंय. २४च्या पिनेशेजारचं प्लास्टिक तपकिरी झालंय. सॉकेटला सकाळी २३२, संध्याकाळी २०५. एक्स्टेंशन १ चौरस मिमीचीच, २० मीटर.

फेज_न्यूट्रल
मग कॉइल निर्दोष आहे. २४चा लग (वायरीच्या टोकाला दाबलेली, पिनेवर चढणारी क्लिप) सैल होता, तिथे उष्णता झाली आणि ती आत जाऊन २३–२४चा संपर्क जळाला. कॉइलचं न्यूट्रल त्याच २४वरून येतं, त्यामुळे लोड आला की तिचंही व्होल्टेज पडतं. बोटाच्या दाबाने संपर्क घट्ट बसतो तेवढा वेळ मशीन चालतं. संध्याकाळी आधीच व्होल्टेज कमी, म्हणून तेव्हा लगेच सोडतं. जळका संपर्क घासून फार दिवस टिकत नाही, स्विच बदला.

घेताना कॉइल २३० व्होल्टची आहे ना बघा, कारण हुबेहूब तोच स्विच इतर व्होल्टेजलाही मिळतो. पिनांची रचना आणि खाचेची लांबी-रुंदी जुन्याशी जुळवा. रेटिंग १६(१२) असं लिहिलं असेल तर कंसातला आकडा मोटरसाठीचा असतो, तोच धरा.

नवा स्विच जुन्याच लगवर चढवलात तर तोही जळेल. तापलेली वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. काळ्या तारांवर लग पकड घेत नाही. ६.३ मिमीचे नवे लग क्रिंपिंग टूलनेच दाबा, पक्कड नको. तारांना आधी शिसं (सोल्डर) लावू नका. दाबाखाली ते हळूहळू बसतं आणि जोड परत सैल होतो. लग पिनेवर जोर लावूनच बसला पाहिजे.

१३ला फेज आत, २३ला न्यूट्रल आत. १४ आणि २४ मोटरकडे. आत-बाहेर उलटं लागलं तरी मशीन चालतं, पण प्लग लावल्यापासून कॉइल सतत तापत राहते. हिरवी अर्थिंगची वायर स्विचमधून न नेता थेट बॉडीला, आणि प्लगच्या मोठ्या पिनेपासून टेबलापर्यंत १ ओहमच्या आत.

शेवटी लाकूड न घालता चालवा, बोर्डावरचं बटण बंद करा, पातं पूर्ण थांबू द्या, परत चालू करा. मशीन गप्प राहिलं तर काम झालं. सुरू झालं तर प्लग काढून फोटोशी पुन्हा जुळवा.

कोकणी_फणस
माझ्याकडे बिडाच्या टेबलाची गोल करवत आहे. २ एचपी सिंगल फेज इंडक्शन मोटर, डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर जोडणारा), आणि लक्षण हेच. हीच तपासणी लागू होईल?

फेज_न्यूट्रल
बरीचशी. आधी स्टार्टरच्या कॉइलवरचं लेबल वाचा. ४१५ व्होल्टची कॉइल २३०वर धरत नाही, आणि दुरुस्तीत चुकून तीच बसवलेली असू शकते. कॉइल बरोबर असेल तर ओव्हरलोड रिले रिसेट करा, होल्डिंग संपर्क (बटण सोडल्यावर कॉइल चालू ठेवणारा) तपासा. मोटरच्या कपॅसिटरला हात लावण्यापूर्वी त्यातला चार्ज टेस्ट लॅम्पने उतरवून घ्या, प्लग काढल्यावरही त्यात झटका शिल्लक असतो.