बँक दरोड्याचे सिनेमे: कोणासोबत पाहिले, काय आठवलं? (अनुभव धागा)

खारीबिस्कीट
काल 'इनसाइड मॅन' पुन्हा पाहिला, या वेळी बाबांसोबत. बाबा ३४ वर्षं बँकेत, त्यातली निम्मी कॅशला. डेन्झेल वॉशिंग्टन, जोडी फॉस्टर वगैरे मंडळींशी त्यांना काही घेणंदेणं नाही. रंगाऱ्यांचे कपडे घालून दरोडेखोर शिरतात, मग ओलिसांनाही तेच कपडे चढवतात, म्हणजे चोर कुठला आणि गिऱ्हाईक कुठलं हे पोलिसांना कळूच नये. मी टाळ्या वाजवतेय, बाबा ढिम्म. मग दरोडेखोरांचा म्होरक्या क्लाइव्ह ओवेन एका छोट्या मुलाला घेऊन तिजोरीत पिझ्झा खात बसतो, तेव्हा बाबा एकदम ओरडले, "अरे, हात तेलकट आहेत त्याचे!"

नंतर लक्षात आलं, पडद्यावर नोटा दिसल्या की बाबा उजव्या हाताचा अंगठा चोळत होते. पूर्वी नोटांच्या पाकिटांना जाड पिना मारलेल्या असायच्या ना. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पिना बंद करून कागदी पट्ट्या लावायला सांगितल्या, तोवर बाबांच्या अंगठ्याचं टोक कायम फाटलेलं. आमटी झोंबायची म्हणून आई त्यांना चमचा द्यायची. मी हे पार विसरले होते!

तुमचेही अनुभव लिहा. सिनेमा कुठलाही चालेल.

आगाऊ कार्टा
पहिला मी. बाबांचा पूर्ण रिव्ह्यू टाका, तुमचा नको.

खारीबिस्कीट
@कार्टा, घ्या. ३९२ नंबरची लॉकरची पेटी बँकेच्या रेकॉर्डमध्येच नाही हे कळल्यावर: "मग ऑडिटवाले काय झोपा काढत होते?" आणि शेवटी एक डॉलरही चोरीला गेलेला नाही, पोलिसांचे वरिष्ठ म्हणतात प्रकरण मिटवा, तर बाबा: "बरोबर आहे. कॅश जुळली. केस कसली?"

ठाणे लोकल
अहो ताई, स्पॉयलर!! मी या शनिवारी बघणार होतो

आगाऊ कार्टा
@ठाणे लोकल २००६ चा सिनेमा आहे, किती शनिवार गेले तुमचे

एडिसनची मावशी
आम्ही तेव्हा इथे अमेरिकेत नवीन होतो. 'इनसाइड मॅन'ला थिएटरात बसलो, दिवे गेले आणि सुरुवातीलाच 'छैय्या छैय्या'!! आम्हाला वाटलं चुकून शेजारच्या हॉलमध्ये शिरलो. पुढच्या रांगेतले चार-पाच देशी शिट्ट्या मारायला लागले, गोरी मंडळी मागे वळून बघतायत. ह्यांनी तर सीटवर ताल धरला.

पण त्याच सिनेमात तो सरदार बँक कर्मचारी बाहेर येतो, पोलीस त्याला अरब समजतात, पगडी काढून घेतात, आणि तो म्हणतो आधी पगडी द्या मग बोलतो. तेव्हा त्याच रांगेत चिडीचूप. २००१ च्या न्यूयॉर्क हल्ल्यानंतरची ती वर्षं होती. ह्यांच्या ऑफिसातले एक सरदारजी सबवेत पाठ भिंतीला लावूनच उभे राहायचे. आम्ही घरी येईपर्यंत गाडीत काही बोललो नाही. मग मी खिचडी टाकली.

तिरफळ
छैय्या छैय्या माथेरानच्या गाडीवर आहे ना? आमच्याकडे पैज लागलीय

ठाणे लोकल
नाही हो, निलगिरी. उटीची गाडी. 'दिल से', १९९८.

तिरफळ
हरले. आता सासूबाईंना आईस्क्रीम द्यावं लागणार

शून्य शिल्लक
मी सध्या बँकेतच आहे, लंच टाइममध्ये लिहितोय. खारीबिस्कीट, बाबांना सांगा आता यंत्र मोजतं, तरी फाटक्या नोटा हातानेच काढाव्या लागतात.

माझा अनुभव सिनेमापेक्षा भारी आहे. नोकरीला लागून तिसरा दिवस. कॅश काउंटरखाली पायाशी अलार्मचं बटण असतं. मला कोणी सांगितलंच नव्हतं. नवे बूट चावत होते म्हणून पाय सैल करायला गेलो आणि दाबलं गेलं. भोंगा सुरू! आमचे गार्डकाका, रिटायर्ड फौजी, बाराबोरची बंदूक, त्या क्षणी टपरीवर. बंदुकीसकट. मॅनेजर साहेब टेबलाखाली. आणि समोरच्या आजी जाळीतून हात घालून म्हणतात, "ते वाजू दे रे, माझं पासबुक भर आधी."

स्ट्राँगरूमबद्दल सिनेमावाले नेहमी लोच्या करतात. मॅनेजरच्या डोक्याला पिस्तूल लावलं की दार उघडतं म्हणे. अरे, दोन किल्ल्या असतात, दोघांकडे! एक माझ्याकडे असती तरी दुसरे साहेब रजेवर असले की दरोडेखोरालाही उद्या या म्हणावं लागेल. आणि एक कोटीच्या पाचशेच्या नोटा म्हणजे वीस हजार नोटा, एक नोट सव्वा ग्रॅमहून थोडी कमी धरली तरी वीस किलोच्या वर. हे एका खांद्यावर बॅग टाकून पळतात! मला वीस किलो तांदूळ रिक्षापर्यंत नेता येत नाहीत.

आगाऊ कार्टा
आजींना माझा साष्टांग नमस्कार 😂 साहेब टेबलाखालून कधी निघाले?

शून्य शिल्लक
चहा आल्यावर

जुना प्रोजेक्टर
या सगळ्याचा बाप म्हणजे 'डॉग डे आफ्टरनून', १९७५. अल पचिनो. ब्रुकलिनमध्ये २२ ऑगस्ट १९७२ ला खरंच घडलेल्या दरोड्यावर आहे. सगळं फिसकटतं, बाहेर बघ्यांची जत्रा, आत ओलीस आणि चोर दोघेही घामाघूम. इनसाइड मॅनमध्ये पोलिसाच्या तोंडी या सिनेमाचं नावच आहे. आणि गंमत बघा, मार्शा जीन कुर्ट्झ ही नटी दोन्हीकडे ओलीस आहे, दोन्हीकडे नाव मिरियम! एकतीस वर्षांनी बाई पुन्हा त्याच भानगडीत.

मला इनसाइड मॅन थोडा जास्तच हुशार वाटतो. पचिनोचा चोर बिचारा गोंधळलेला आहे, म्हणून खरा वाटतो.

एडिसनची मावशी
असहमत. तो अल्बेनियन भाषेचा प्रसंग विसरलात? पोलीस मोठ्या ऐटीत पिझ्झ्याच्या खोक्यातून माईक पाठवतात आणि ऐकू काय येतं, तर कम्युनिस्ट पुढाऱ्याची जुनी भाषणं. आणि भाषा ओळखतो कोण, तर रस्त्यावरचा एक मजूर, कारण त्याची आधीची बायको तिथली! हसून मेले होते मी.

ठाणे लोकल
झालं. आता शनिवारी काही बघायला उरलं नाही.

तिरफळ
आईस्क्रीम आणलं. 'आँखें' कोणीच नाही लिहिला? तीन आंधळ्यांकडून बँक लुटवायची, काढून टाकलेला मॅनेजर अमिताभ, सुष्मिता शिकवणार. २००२ चा. मूळ गुजराती नाटक. मी तो पणजीला पाहिला, कॉलेज बुडवून. घरी येऊन डोळ्यांना ओढणी बांधून स्वयंपाकघर ते परसदार चालायची प्रॅक्टिस केली आणि आजीचं सोलकढीचं पातेलं लवंडलं. सगळ्या ओट्यावर गुलाबी. आजी म्हणाली, बँक लुटलीस तर आधी कोकमाचे पैसे दे.

आगाऊ कार्टा
'स्पेशल २६' घ्या की कोणीतरी. मुंबईत ऑपेरा हाउसला १९८७ मध्ये खरंच झालं होतं, खोटी सीबीआयची धाड. पेपरात जाहिरात देऊन माणसं भरली होती!

जुना प्रोजेक्टर
ती सराफी पेढी होती, बँक नव्हे. विषय सोडू नका.

आगाऊ कार्टा
सोलकढी चालते, सराफ चालत नाही. वा.

बाभूळ
लिहू की नको असं चाललं होतं.

आमच्या तालुक्याच्या गावी आई बँकेत क्लार्क होती. एका दुपारी तिघे आले. मफलर बांधलेले. सगळ्यांना खाली बघायला लावलं. सात-आठ मिनिटांत गेले, कोणाला लागलं नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा आईला एकच सांगता आलं, समोर उभ्या असलेल्याच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि हिरव्या दोऱ्याने शिवला होता, तीन टाके. तेवढंच पाहिलं होतं तिने.

घरी असे सिनेमे लागले की ती उठून भाजी निवडायला जाते. आम्हाला बरीच वर्षं वाटायचं तिला मारामारी आवडत नाही.

एडिसनची मावशी
अगं... आईंना सांभाळ.

शून्य शिल्लक
मघाशी फार हसलो आपण. सॉरी. आमच्याकडेही एक बाई आहेत अशा, काउंटरला बसतच नाहीत, फक्त चेकचं क्लिअरिंग करतात. कारण कोणी विचारलं नाही कधी.

बाभूळ
नाही हो, हसा की. पासबुकवाल्या आजींचं मी आईला वाचून दाखवलं, ती पण हसली.

ठाणे लोकल
उटीच्या गाडीचं बुकिंग किती दिवस आधी करावं लागतं? मे मध्ये जायचंय

तिरफळ
सासूबाईंना विचारून सांगते, त्या जाऊन आल्यात. म्हणजे पैज लावताना त्यांना माहीत होतं!!!

खारीबिस्कीट
@बाभूळ, बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. आता विचारतायत, चपलेवाला सापडला का?

बाभूळ
आठ महिन्यांनी काही संशयित पकडले होते. ओळख परेडला आईला नेलं. सगळे एका रांगेत उभे, अनवाणी.
कुकर झाला, येते.