अनुभव धागा : इंग्रजीचा तास मुलांच्या हाती देताना

माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. उपक्रमांच्या याद्यांना तोटा नाही. पण भरलेल्या वर्गात उपक्रम सुरू झाला की मुलं कुठे अडतात, कधी कंटाळतात आणि कशाने एकदम इरेला पेटतात, हे तो करून पाहणाऱ्यालाच ठाऊक असतं. तेच इथे लिहा. एकच उपक्रम सांगितलात तरी चालेल, पण वाचणाऱ्याला उद्याच्या तासाला घेता येईल इतका सविस्तर सांगा. आणि त्या उपक्रमातून मूल छापील ओळीकडे परत कसं वळतं, हे आवर्जून लिहा. तास रंगला पण पुस्तक कुणी उघडलंच नाही, असे उपक्रम मला तरी नकोत.

सुरुवात मी करते. फळ्यावर सात शब्दांचं एक वाक्य लिहायचं : 'आय नेव्हर सेड शी स्टोल माय मनी.' सात जणांनी ते एकेकदा वाचायचं, प्रत्येकाने जोर द्यायचा तो वेगळ्या शब्दावर. अर्थ बाकीच्यांनी सांगायचा. 'आय'वर जोर दिला की मी नाही, दुसरं कुणीतरी म्हणालं. 'सेड'वर दिला की म्हणाले नाही, सुचवलं असेल. 'शी'वर दिला की चोरी झाली, पण तिने केली नाही. 'स्टोल'वर दिला की घेतले असतील, चोरले नाहीत. 'माय'पर्यंत येईतो मागच्या बाकांवरूनही उत्तरं यायला लागतात, कारण इथे इंग्रजी किती येतं यापेक्षा कान किती उघडे आहेत याला महत्त्व असतं.

खरं काम यानंतर सुरू होतं. चालू धड्यातला चार-सहा ओळींचा संवाद घ्यायचा. प्रत्येक जोडीने पेन्सिलीने जोराचे शब्द अधोरेखित करायचे आणि तसं वाचून दाखवायचं. दोन जोड्यांचे शब्द वेगळे निघतात आणि वाद सुरू होतो : हा माणूस रागावलाय की घाबरलाय? मी निवाडा करत नाही. 'आधीच्या परिच्छेदात कशावरून ते दाखवा,' एवढंच म्हणते. मग पानं उलटली जातात.

•

मी वर्गात खटला चालवतो. खटला अगदी खरा आहे आणि त्यात सगळा वाद एका स्वल्पविरामाचा आहे.

अमेरिकेतल्या मेन राज्याचा ओव्हरटाइमचा कायदा. नाशवंत खाद्यपदार्थांच्या बाबतीत कोणत्या कामांना जादा वेळेचा वाढीव मोबदला लागू नाही, याची त्यात यादी होती : 'कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. दूध पोचवणाऱ्या कंपनीचे ड्रायव्हर म्हणाले, यादीतलं शेवटचं काम फक्त पॅकिंग आहे, मग ते शिपमेंटसाठी असो वा डिस्ट्रिब्यूशनसाठी. आम्ही पॅकिंग करत नाही, माल पोचवतो, तेव्हा आम्हाला मोबदला द्या. कंपनीचं म्हणणं, डिस्ट्रिब्यूशन हे यादीतलं वेगळं काम आहे.

वर्गाचे तीन भाग करायचे : ड्रायव्हर, कंपनी आणि न्यायाधीश. पहिली दोन मिनिटं मुलं न्याय-अन्यायावर बोलतात, ड्रायव्हर बिचारे गरीब वगैरे. तिथे न्यायाधीशांना एक नियम देऊन ठेवायचा : वाक्याबाहेरचा मुद्दा ग्राह्य नाही. मग दोन्ही गट फळ्यावरच्या वाक्यावर तुटून पडतात. दरवर्षी कुणाच्या तरी लक्षात येतंच की यादीतली बाकी सगळी कामं 'इंग'ने संपतात आणि 'शिपमेंट', 'डिस्ट्रिब्यूशन' मात्र नाहीत, म्हणजे ती दोन्ही पॅकिंगला चिकटलेली. हाच युक्तिवाद ड्रायव्हरांच्या बाजूने कोर्टात झाला होता. कंपनीच्या गटातलं एखादं हुशार मूल यावर विचारतं की पॅकिंग हे शेवटचं काम असेल, तर त्याच्या आधी 'ऑर' का नाही? हाही मुद्दा खऱ्या खटल्यात होता! व्याकरणाचा इतका बारीक विचार मुलं गुणांसाठी कधी करत नाहीत.

निकाल शेवटी सांगायचा. खालच्या कोर्टात कंपनी जिंकली. वरच्या कोर्टाने मार्च २०१७ मध्ये वाक्य संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. गृहपाठ असा : कायद्यातलं हे वाक्य असं लिहा की पुन्हा खटला होणार नाही. दुसऱ्या दिवशी मुलांची वाक्यं फळ्यावर घेतो आणि त्यांच्या शेजारी विधिमंडळाने केलेली दुरुस्ती लिहितो. त्यांनी स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम घातले आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चं 'डिस्ट्रिब्युटिंग' केलं. काही मुलांनी नेमकं तेच लिहिलेलं असतं.

•

खटल्याचा उपक्रम उत्तम, पण त्यात बोलकी मुलंच पुढे राहतात. माझ्या वर्गात लाजरी मुलं बरीच आहेत, म्हणून मी बोलायचंच नाही अशी चर्चा घेते.

मोठ्या कागदाच्या मधोमध कवितेचं एक कडवं चिकटवायचं. दर कागदाभोवती पाच-सहा मुलं, प्रत्येकाच्या हातात वेगळ्या रंगाचं पेन. तोंडाने एक शब्द नाही. जे म्हणायचं ते कागदावर. दुसऱ्याच्या वाक्याला बाण काढून उत्तर द्यायचं. दहा मिनिटांनी गटांनी पुढच्या कागदाकडे सरकायचं आणि आधीच्या गटाने लिहिलेलं वाचून त्यात भर घालायची.

सुरुवातीला 'नाइस पोएम', 'आय लाइक धिस लाइन' असंच येतं. येऊ द्यावं, टोकू नये. एका वर्षी एका मुलीने कडव्यातल्या 'वी'ला गोल करून बाजूला बारीक अक्षरात लिहिलं : 'हू इज वी?' एवढंच. पुढच्या दोन गटांचे सगळे बाण त्या गोलाकडे गेले. कुणी लिहिलं कवी आणि त्याचा मित्र, कुणी लिहिलं सगळी माणसं. एकाने तर तिसऱ्या ओळीतल्या 'दे'ला गोल करून विचारलं की ते लोक 'वी'मध्ये आहेत की नाहीत. त्या मुलीने वर्षभरात वर्गात हात वर केला नव्हता, आणि त्या दिवशी सगळा वर्ग तिच्या प्रश्नावर काम करत होता.

रंग वेगळे ठेवण्याचं कारण व्यवहारी आहे. कुणी किती आणि काय लिहिलं हे नंतर कळतं, वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही.

•

याला उपक्रम म्हणावं की नाही माहीत नाही, पण प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि गप्प राहणाऱ्यांची संख्या घटते. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या मुलाला तर त्याहून जास्त वेळ लागतो. मी मनात पाच आकडे मोजते. मग शेजाऱ्याशी बोलायला एक मिनिट देते आणि त्यानंतरच हात वर करू देते. 'थिंक-पेअर-शेअर' म्हणतात ते हेच. जोडीदारावर एकदा बोलून पाहिलेलं वाक्य वर्गासमोर बोलायला धीर येतो.

•

व्याकरणासाठी डिक्टोग्लॉस. श्रुतलेखनासारखं वाटतं, पण नाही. चार-पाच वाक्यांचा उतारा नेहमीच्या वेगाने वाचायचा. पहिल्या वाचनाला पेन खाली. दुसऱ्या वाचनाला फक्त महत्त्वाचे शब्द टिपायचे. सगळं उतरवून घेता येणार नाही इतका वेग हवाच. मग तीन-चार जणांनी आपापले शब्द एकत्र करून उतारा पुन्हा लिहायचा. मुळाबरहुकूम नसला तरी चालेल, पण अर्थ तोच आणि व्याकरण बिनचूक हवं.

माझ्या एका उताऱ्यात 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' हे वाक्य असतं. टिपलेले शब्द असतात रीच्ड, स्टेशन, ट्रेन, लेफ्ट. 'हॅड' कुणीच टिपत नाही, म्हणून निम्मे गट 'द ट्रेन लेफ्ट' लिहितात. मी दोन्ही वाक्यं फळ्यावर घेतो आणि दोन मुलांना पुढे बोलावतो, एक गाडी, एक प्रवासी. आधी 'लेफ्ट' करून दाखवा. प्रवासी पोचतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर गाडी निघते. आता 'हॅड लेफ्ट'. प्रवासी येतो तेव्हा गाडी वर्गाबाहेर गेलेली असते. पूर्ण भूतकाळाची व्याख्या मी त्यानंतर सांगतो आणि ती फार थोडक्यात आटोपते.

•

थोडा वेगळा सूर लावतो, कारण त्याची गरज वाटते. शब्दांच्या स्पर्धा, गुणफलक, बेल वाजवून उत्तर देणं, हे सगळं मी बंद केलं आहे. वर्ग दणाणतो हे खरं, पण नीट पाहिलं तर तीच पाच-सात मुलं खेळत असतात आणि बाकीची टाळ्या वाजवत असतात. इंग्रजीचा धाक वाटणाऱ्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की जलद असणारे वेगळे आणि आपण वेगळे.

त्यापेक्षा जिगसॉ पाहा. एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात ही पद्धत सुरू केली. तिथल्या शाळांमध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं नुकतीच एकत्र आणली होती आणि वर्गात तणाव होता. वर्गाची रचनाच अशी केली की एकमेकांवाचून कुणाचं काम होऊ नये.

मी कथा घेतो तेव्हा तिचे चार तुकडे करतो. पाच जणांचा गट असेल तर एक तुकडा दोघांकडे देतो, म्हणजे एखादं मूल गैरहजर असलं तरी गट अडत नाही. एकच तुकडा मिळालेली सगळी मुलं आधी एकत्र बसून तो समजून घेतात, अडलेले शब्द सोडवतात आणि आपल्या गटाला काय सांगायचं ते ठरवतात. मग मूळ गटात परततात. तिथे प्रश्न असा हवा की एकाही तुकड्याशिवाय त्याचं उत्तर येऊ नये. 'पत्र कुणी लपवलं, कसं आणि का?' असा. कोण पहिल्या तुकड्यात, का शेवटच्या तुकड्यात आणि कसं ते मधल्या दोन्हींत. ज्या मुलाला एरवी कुणी विचारत नाही, त्याला गट खोदून खोदून विचारतो : नीट सांग ना, ती खोलीत आली तेव्हा दिवा चालू होता की बंद? ते मूल पुन्हा पान उघडून बघतं.

या प्रश्नाच्या तयारीला मला तुकडे पाडण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. प्रश्न ढिला असला की गटातलं एक मूल सगळं सांगून मोकळं होतं.

•

हॉट सीट सगळ्यांना माहीत असेल. एक मूल धड्यातलं पात्र होऊन खुर्चीत बसतं आणि बाकीचे प्रश्न विचारतात. मी दोन गोष्टी पाळते. नायकाला सहसा बसवत नाही. शेजारी, नोकर, दारातून एकदाच डोकावणारी बाई, अशा पात्रांना बसवते. त्यांच्याबद्दल पुस्तकात कमी लिहिलेलं असतं, म्हणून अनुमान करावं लागतं. आणि प्रत्येक उत्तरानंतर वर्गातून कुणीही 'कशावरून?' म्हणू शकतं. मग ओळ दाखवायची, नाहीतर उत्तर मागे घ्यायचं.

•

मला तयारीला वेळ कमी मिळतो, म्हणून कसलंही साहित्य न लागणारा उपक्रम सांगते. धड्यातली एक घटना साध्या वाक्यात लिहायची आणि मुलांनी ती तीनदा पूर्ण करायची : 'बिकॉज', 'बट' आणि 'सो' लावून.

'द बॉय डिड नॉट ओपन द लेटर बिकॉज...' हे बहुतेकांना जमतं. 'सो'ला पुढची घटना आठवली की काम होतं. अडतं ते 'बट'ला. पत्र उघडलं नाही, पण काय? पण ते रात्रभर उशाशी ठेवलं? पण अक्षर कुणाचं ते ओळखलं? पत्र न उघडण्याला छेद देणारं काहीतरी धड्यातून शोधावं लागतं, आणि ते शोधायचं तर धडा समजलेला असावा लागतो. दहावीच्या माझ्या वर्गात एका मुलाने लिहिलं होतं : 'बट ही न्यू एव्हरी वर्ड इन इट.' आम्ही त्या वाक्यावर उरलेला तास घालवला. त्याला हे कशावरून वाटलं, लेखकाने ते कुठे सुचवलंय, सुचवलंय तरी का, यावर वर्गात दोन तट पडले.

तास संपताना मी फक्त 'बट'ची वाक्यं चिठ्ठीवर गोळा करते. वर्गभराच्या चिठ्ठ्या पाच-सात मिनिटांत वाचून होतात. ज्यांची ओळ कोरी असते किंवा जे 'बिकॉज'चंच वाक्य 'बट' लावून लिहितात, त्यांच्याबरोबर दुसऱ्या दिवशी तोच परिच्छेद पुन्हा वाचते. बाकीचा वर्ग तेवढ्यात आपल्याच 'बट'च्या वाक्यापासून एक परिच्छेद लिहीत असतो.